क्ष-किरणांची विद्या कोठें शिकावी?

वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून द्यावें असें संपादक-मंडळानें सुचविलें, तेव्हां एखाद्या सहलीचें वर्णन किंवा थोर पुरुषाचें चरित्र लिहावें असा विचार प्रथम मनांत आला. परंतु हा अंक मुलांबरोबर त्यांचे आईबापहि वाचतात, आणि आईबाप माझ्याकडे येऊन जे प्रश्न विचारतात ते सहलीविषयीं नसतात. "बाई, मुलगी बी.एस्सी. झाली, आतां पुढें काय?" हा प्रश्न दर उन्हाळ्यांत चार-पांच वेळां तरी माझ्या दारीं येतो. म्हणून ह्या खेपेस एकाच मुलीच्या एकाच निवडीची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे. मुलगी आपल्याच शाळेची. तिचें नांव येथें देत नाहीं, कारण तिला तें आवडणार नाहीं.

बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश-परीक्षेंत तिचा क्रमांक लागला नाहीं. अशा वेळीं पुष्कळ मुलें वर्षामागून वर्षें त्याच परीक्षेला बसत राहतात. तिनें तसें न करितां एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत क्ष-किरण व प्रतिमा-तंत्राच्या बी.एस्सी.ला नांव घातलें, तो अभ्यासक्रम व त्यानंतरची उमेदवारी पुरी केली, आणि मग एका जिल्हा रुग्णालयाच्या सी.टी. स्कॅनच्या खोलींत दोन वर्षें नोकरी केली. वडील एस.टी.च्या डेपोंत मेकॅनिक आहेत, आई घरीं शिवणकाम करिते, धाकटा भाऊ अकरावींत आहे. २०२५ च्या मे महिन्यांत बापलेक माझ्या घरीं आलीं तीं तीन माहितीपत्रकें घेऊन. वडिलांनीं तीं टेबलावर ओळीनें मांडलीं आणि म्हणाले, "बाई, ही एम.एस्सी. करायची म्हणते. फंडांतून काढतां येतील असे चार लाख माझ्याजवळ आहेत. ते एकदांच काढतां येतील. कोठें घालायचे तेवढें सांगा."

ज्यांना ह्या व्यवसायाची माहिती नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हात मोडला म्हणून आपण एक्स-रे काढावयास जातों, तेव्हां आपणांस टेबलावर निजवून, हात योग्य त्या कोनांत ठेवून, यंत्राचे अंक जुळवून जी व्यक्ति बटण दाबते ती तंत्रज्ञ. निघालेलें चित्र पाहून 'येथें हाड मोडलें आहे' असें लिहून देतो तो रेडिओलॉजिस्ट, तो एम.बी.बी.एस. होऊन त्यावर आणखी कांहीं वर्षें शिकलेला डॉक्टर असतो. रुग्णाला बहुधा तो डॉक्टर दिसतहि नाहीं. दिसतो तो तंत्रज्ञ. चित्र हललें किंवा वाकडें आलें तर उत्तमांतला उत्तम डॉक्टरहि तें नीट वाचूं शकत नाहीं. आतां संगणक चित्रें वाचूं लागला आहे, मग ह्या नोकऱ्या राहतील काय, असें एका पालकांनीं मला विचारलें. वाचील बापडा! पण खुब्याचें हाड मोडलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाईला धीर देऊन हलक्या हातानें कुशीवर वळविणें हें काम अजून माणसाचेंच आहे.

मी स्वतः मिशनच्या कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकलें आणि वीस वर्षें तेंच शिकवीत आहें, म्हणून ह्या किरणांचा इतिहास मला ठाऊक होता. विल्हेल्म राँटजेन ह्या जर्मन प्राध्यापकास वुर्झबर्ग येथें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं त्यांचा शोध लागला. पुढें त्याच वर्षीं २२ डिसेंबरला त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें आणि हाडांभोंवतीं अंगठी एवढेंच काय तें ठळक दिसतें. १९०१ सालचें पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. शोधाचें पेटंट मात्र त्यानें घेतलें नाहीं. हा भाग मुलांना ठाऊक असतो. जो भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं तो असा, कीं ज्यांनीं हे किरण प्रथम वापरले त्यांपैकीं कित्येकांनीं आपलीं बोटें, हात आणि शेवटीं प्राण त्यांत घालविले. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ सालीं अशाच रीतीनें मरण पावला. त्यापूर्वीं त्याचे हात कापावे लागले होते. जर्मनींत हॅम्बुर्ग येथें १९३६ सालीं अशा लोकांचें एक स्मारक उभारलें गेलें. त्यावर त्या वेळीं १६९ नांवें कोरलीं होतीं. त्यांत डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, तसेच तंत्रज्ञ, परिचारिका आणि धर्मभगिनीहि आहेत.

आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. आपल्या देशांत १९८३ सालीं स्थापन झालेलें अणुऊर्जा नियामक मंडळ ह्या कामावर देखरेख ठेवतें. किरणांजवळ काम करणाऱ्यास पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षां अधिक मात्रा मिळतां कामा नये, आणि कोणत्याहि एका वर्षांत ती ३० च्या वर जातां कामा नये, असा नियम आहे. इतर जनतेसाठीं हीच मर्यादा वर्षाला १ आहे. तंत्रज्ञाच्या छातीवर टी.एल.डी. नांवाचा एक लहानसा बिल्ला असतो. शिशाचा एप्रन घातला तर तो एप्रनच्या आंत लावावयाचा. आणि दर तीन महिन्यांनीं तो मोजणीसाठीं पाठवावयाचा. ह्याशिवाय अंतर दुप्पट केलें कीं किरणांची तीव्रता चौथाईवर येते, हा जो नियम मी वर्गांत फळ्यावर दिव्याचें चित्र काढून शिकवितें, तोच नियम ह्या लोकांचें रोज रक्षण करितो. रुग्णाला मात्र दूर उभें राहतां येत नाहीं. छातीच्या साध्या एक्स-रेमध्यें त्याला ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनहि कमी मात्रा मिळते. पोटाच्या एका सी.टी. स्कॅनमध्यें ती ८ ते १० पर्यंत जाते. सृष्टीकडूनच, म्हणजे जमिनींतून, हवेंतून व आकाशांतून, माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळते हें ध्यानांत घेतलें, म्हणजे यंत्राचे अंक जुळविणाऱ्या हाताचें महत्त्व कळून येईल.

आतां माहितीपत्रकांकडे वळूं. तीं वाचण्यापूर्वीं मीं मुलीला एका कोऱ्या कागदावर 'ही पदवी मला काय देणार नाहीं' असा मथळा लिहावयास सांगितला. तिला हंसूं आलें, पण कागद भरत गेला. ह्या पदवीनें मनुष्य डॉक्टर होत नाहीं, हें तिला ठाऊक होतें. तिच्या आईला मात्र तोंपर्यंत तशी अंधुक आशा होती. ह्या पदवीनें वैद्यकीय भौतिकीचा तज्ज्ञ, म्हणजे कर्करोगाच्या उपचारांत किरणांचें माप ठरविणारा शास्त्रज्ञ, होतां येत नाहीं. त्याचा मार्ग निराळा आहे: त्यासाठीं पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्रांत चालतो तसला किरण-भौतिकीचा पदविका-अभ्यासक्रम लागतो. पाश्चात्त्य देशांत डॉक्टर नसलेले तंत्रज्ञहि सोनोग्राफी करितात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान थांबविण्यासाठीं १९९४ सालीं कायदा झाला, आणि त्यान्वयें गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेंच करावयाची असते. एका माहितीपत्रकांत 'सोनोग्राफी-तज्ज्ञ व्हा' असें मोठ्या अक्षरांत छापिलें होतें, तें तिनें त्याच कागदावर उतरून घेतलें व पुढें प्रश्नचिन्ह काढिलें. किरणांनीं उपचार करणें आणि किरणोत्सर्गी औषध शरीरांत सोडून चित्र घेणें ह्या विद्येच्या दोन निराळ्या शाखा आहेत. त्यांचे अभ्यासक्रमहि निराळे असतात. एकींत एम.एस्सी. झालें म्हणून दुसरींत नोकरी मिळेलच असें नाहीं.

परदेशाचीहि गोष्ट तशीच. "एम.एस्सी. झाली कीं लंडन" असें तिला कोणीं सांगितलें होतें. ब्रिटनमध्यें एच.सी.पी.सी. ह्या संस्थेकडे नोंदणी झाल्यावांचून स्वतःस 'रेडिओग्राफर' म्हणवून घेणें कायद्यानें मना आहे, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाचें शिक्षण व अनुभव ती संस्था स्वतंत्रपणें तपासते. आखाती देशांतहि परवान्याची परीक्षा द्यावी लागते. जावयाचें असेल त्यानें अवश्य जावें; पण विमानाचें चित्र मुखपृष्ठावर आहे एवढ्यावरून अभ्यासक्रम निवडूं नये.

एवढें सगळें वजा जातां मग एम.एस्सी. करावयाची तरी कशाला, असें मीं तिला सरळ विचारलें. लहान खाजगी केंद्रांत बी.एस्सी.ला व एम.एस्सी.ला पुष्कळदां सारखाच पगार देतात, हें तिनेंच मला सांगितलें होतें. वडील जवळ बसले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली व मग तिनें एक प्रसंग सांगितला. रात्रपाळीला ती एकटी असतां सहा वर्षांचा एक मुलगा माडीवरून पडला म्हणून आणिला गेला. डोक्याचें सी.टी. तातडीनें करावयाचें होतें. यंत्रांत अंक भरून ठेविलेले होते ते मोठ्या माणसाचे. मुलाला तितकी मात्रा नको हें तिला कळत होतें. कॉलेजांतल्या वहींतून तिनें आठवून अंक कमी केले, चित्र घेतलें, आणि तें वाचतां आलें. मुलगा वांचला. "पण बाई," ती म्हणाली, "मीं जेवढे कमी केले तेवढे बरोबर होते, कीं आणखी कमी करतां आले असते, हें विचारायला तेथें कोणी नव्हतें. दुसऱ्या दिवशीं विचारलें, तर 'चित्र आलें ना, मग झालें' असें उत्तर मिळालें. मला तें शिकायचें आहे. आणि मग दुसऱ्यांना शिकवायचें आहे."

त्यानंतर 'कशाला' हा प्रश्न मीं पुन्हां काढिला नाहीं. राहिला तो 'कोठें'.

तीन माहितीपत्रकांपैकीं एक घरबसल्या शिकण्याचें होतें. फी थोडी, नोकरीहि सोडावयास नको. वडिलांचा कल तिकडे होता व तो समजण्यासारखा होता. परंतु जी विद्या रुग्णाच्या अंगाला हात लावून शिकावयाची ती टपालानें कशी येणार? पोहणें पत्रानें शिकविण्यासारखेंच तें. पुढें २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगानें आरोग्यसेवेचे असले अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीनें चालविण्यास बंदी केली, त्यामुळें तो प्रश्नच मिटला. आम्हीं तें पत्रक त्यापूर्वींच बाजूला ठेविलें होतें.

दुसरें पत्रक एका नव्या खाजगी विद्यापीठाचें. दोन वर्षांची फी साडेपांच लाख, वसतिगृह निराळें. कागद असा गुळगुळीत कीं बोट घसरावें. जून महिन्यांत एका शनिवारीं आम्ही तिघें बसनें तेथें गेलों. इमारत खरोखरच सुंदर आहे. गळपट्टा बांधलेला एक तरुण आम्हांला फिरवून दाखवीत होता. दर दोन वाक्यांनंतर 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द येत. मुलीनें विचारलें, "येथें दिवसाला रुग्ण किती येतात?" तो म्हणाला, "आमचा एका मोठ्या हॉस्पिटलशीं करार आहे." तें हॉस्पिटल तेथून चाळीस किलोमीटरवर, आणि विद्यार्थी आठवड्यांतून दोन दिवस तेथें जातात. पत्रकांत एम.आर.आय.चें जें चित्र होतें तें यंत्र कोठें आहे, असें विचारतां तें 'येणार आहे' असें कळलें. एक एक्स-रे यंत्र मात्र होतें. त्यावर प्लॅस्टिकचें आच्छादन होतें. मुलीनें आच्छादन उचलून टेबलावर हात फिरविला आणि बोटें आपल्या वडिलांना दाखविलीं. त्यांवर धूळ होती. दारावर नियामक मंडळाच्या परवान्याची प्रत लाविलेली असावी म्हणून आम्हीं पाहिलें. "ऑफिसांत असेल," असें तो तरुण म्हणाला.

तो चहा सांगावयास गेला, तेवढ्यांत ओंवरींत पहिल्या वर्षाचे दोन विद्यार्थी भेटले. सात महिन्यांत त्यांनीं सी.टी.च्या यंत्राला एकदांहि हात लाविला नव्हता. ते मागें उभे राहून पाहत. त्यांपैकीं एकाच्या वडिलांनीं शेत गहाण ठेविलें होतें. हें सांगतांना त्याचा आवाज अगदीं खालीं गेला, आणि आम्हांला पुढें कांहीं बोलवेना.

परत येतांना बसमध्यें मुलीचे वडील बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "बाई, डेपो चकचकीत आहे. पण गाड्याच येत नाहींत. तेथें मेकॅनिक तयार कसा होणार?"

मीं इतक्या वर्षांत शिक्षणावर पुष्कळ व्याख्यानें ऐकिलीं, त्यांत ह्याहून खरें बोल थोडेच असतील. ह्या विद्येचें खरें विद्यापीठ म्हणजे तिच्या पाठीमागचें रुग्णालय होय. पदवी विद्यापीठ देतें. विद्या रुग्णांची रांग देते. म्हणून ज्या पालकांना असा निर्णय घ्यावयाचा असेल त्यांनीं इमारत पाहण्यापूर्वीं बाह्यरुग्ण-विभागाचें बांक पाहावें, आणि तें सकाळीं दहाच्या सुमारास पाहावें. विद्यार्थ्याच्या छातीवर त्याच्या स्वतःच्या नांवाचा बिल्ला आहे काय? नसेल तर तो किरणांजवळ जात नाहीं, किंवा जातो आणि त्याची कोणी मोजदाद ठेवीत नाहीं. दोन्ही गोष्टी वाईट. शिकविणारे कोण आहेत? रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचीं व्याख्यानें पाहिजेतच, पण ज्यानें स्वतः वर्षानुवर्षें यंत्र चालविलें आहे असा वरिष्ठ तंत्रज्ञ शिकवावयास नसेल तर हाताला वळण कोण लावणार? विद्यार्थ्याची कामाची नोंदवही मागावी व तींतलीं कांहीं पानें चाळावीं. कोरी वही फार बोलते. संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे काय, हें तर पाहावेंच. २०२१ सालीं संसदेनें आरोग्यसेवेंतल्या अशा व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यांत क्ष-किरण-तंत्रज्ञांची गणना केली आहे, आणि व्यवसायाच्या शिक्षणाला किमान किती तास पाहिजेत तेंहि ठरविलें आहे. बी.एस्सी.च घ्यावयाची असेल तर हे तास कागदावर व प्रत्यक्षांत किती भरतात तें विचारण्यास कोणीं संकोच करूं नये. फी विचारतांना आपण संकोच करीत नाहीं, मग तास विचारतांना कां करावा?

तिसरें पत्रक दक्षिणेकडील एका जुन्या संस्थेचें होतें. दक्षिणेकडे जावयाचें म्हटल्याबरोबर मुलीच्या आईनें वेल्लोरचें नांव घेतलें. आपल्या समाजांत तें साहजिक आहे. डॉ. आयडा स्कडर ह्यांनीं १९०० सालीं तेथें एका खाटेपासून आरंभ केला, आणि त्यांची पुतणी, तीहि डॉ. आयडा स्कडरच, हिनें पुढें तेथें क्ष-किरणांच्या कामांत आपलें आयुष्य वेंचलें. आपल्या मिरजेसहि डॉ. वानलेस ह्यांचें रुग्णालय १८९४ पासूनचें आहे. आम्हीं मणिपाल आणि चंदीगड येथील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचीहि माहिती काढिली होती. प्रत्यक्ष पाहावयास गेलों तें ठिकाण ह्यांपैकीं नव्हे. आणि तिच्या परीक्षकांना माझा लेख दाखवून संकोचांत पाडण्याची माझी इच्छा नाहीं, म्हणून तें तसेंच अनामिक राहूं द्यावें.

रात्रभर आगगाडीनें जाऊन आम्ही सकाळीं पोहोंचलों. भिंतींचा गिलावा जागजागीं निघालेला, व्हरांडा माणसांनीं गच्च भरलेला, बांकांवर जागा नाहीं म्हणून कांहीं जण जमिनीवर बसलेले. मुलीचे वडील माझ्या कानाशीं लागून म्हणाले, "येथें गाड्या येतात." सी.टी.च्या खोलींत आम्हांला काचेबाहेरून पाहूं दिलें. पहिला रुग्ण आंत घेण्यापूर्वीं एका विद्यार्थिनीनें पाण्यानें भरलेला एक गोल डबा यंत्रांत ठेविला व त्याचें चित्र घेतलें. मीं विचारलें, हें काय? ज्या मोजपट्टीनें सी.टी.चें चित्र बनतें तींत पाण्याचा अंक शून्य धरिलेला असतो. ती मोजपट्टी हौन्सफील्ड ह्या इंग्रज इंजिनियराच्या नांवानें ओळखिली जाते, आणि ह्या यंत्राबद्दल त्याला १९७९ सालीं कॉर्मॅक ह्या शास्त्रज्ञासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. यंत्र जर पाण्यालाच शून्य म्हणत नसेल, तर रोग्याच्या मेंदूविषयीं तें जें सांगेल त्यावर विश्वास कसा ठेवावा? म्हणून रोज सकाळीं ही परीक्षा. निकाल वहींत लिहून खालीं सही. आमच्या मुलीला ही परीक्षा पुस्तकांतून ठाऊक होती. "आमच्याकडे कंपनीचा माणूस आला म्हणजे तो करितो," एवढेंच ती हळूच म्हणाली.

वरिष्ठ तंत्रज्ञ बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हती, आम्हांला त्यांची भाषा येत नव्हती. इंग्रजी व हिंदी मिळून काम भागलें. त्यांनीं गुणपत्रिका बाजूला ठेविली आणि विचारलें, "समज, पोट दुखतें म्हणून एक तरुण विवाहित स्त्री सी.टी.साठीं पाठविली आहे. कागदावर डॉक्टरची सही आहे. तूं काय करशील?" मुलगी म्हणाली, "आधीं एकांतांत तिला शेवटच्या पाळीची तारीख विचारीन. दिवस गेल्याचा संशय असेल तर यंत्र चालू करणार नाहीं, रेडिओलॉजिस्टना कळवीन. किरणांशिवाय दुसरी तपासणी करतां येईल काय हें ते ठरवितील." "आणि ते फोनवर 'करून टाक' म्हणाले तर?" ती थबकली. मग म्हणाली, "त्यांना येऊन लिहून द्यायला सांगेन." बाई हंसल्या नाहींत, पण त्यांनीं समोरच्या वहींत कांहीं लिहिलें. पुढें त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं जागा अगदीं थोड्या, लेखी परीक्षा कठीण, आणि पहिलें वर्षभर रात्रपाळ्या पुष्कळ. नोकरीविषयीं त्यांनीं कोणतेंच वचन दिलें नाहीं. वचनावांचून परत येतांना आम्ही तिघेंहि अधिक समाधानी होतों हें लिहितांना मला नवल वाटतें.

परीक्षा झाली. तिचें नांव प्रतीक्षा-यादींत तिसरें लागलें. त्याच आठवड्यांत खाजगी विद्यापीठाचा फोन आला कीं शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता भरल्यास फींत पन्नास हजारांची सूट मिळेल. घरांत मोठी चलबिचल झाली. शेजारीपाजारी म्हणूं लागले कीं हातचें सोडून पळत्यापाठीं काय लागतां. आई तर रडकुंडीस आली. वर्ष वायां गेलें तर मुलीचें वय वाढतें, हें तिचें म्हणणें. त्या शुक्रवारीं संध्याकाळीं मी त्यांच्या घरीं गेलें होतें. कोणीं कोणाला उपदेश केला नाहीं. वडिलांनीं फंडाच्या कागदावर अजून सही केलेली नव्हती. तो कागद त्यांनीं घडी घालून पेटींत ठेविला आणि डेपोंत रात्रपाळीला निघून गेले. मुलगीहि आपल्या रात्रपाळीला गेली. आई आणि मी बराच वेळ शिलाई-यंत्रापाशीं बसून राहिलों.

सतरा दिवसांनीं यादींतलीं दोन नांवें गळलीं आणि पुढच्या सोमवारीं तिसरेंहि वर आलें. फी, वसतिगृह व जेवणखाण मिळून दोन वर्षांचा हिशेब वडिलांच्या चार लाखांच्या आंत बसतो. कर्ज काढावें लागलें नाहीं. तिचा पगार बंद झाला हा तोटा मात्र आहेच, आणि तो घराला जाणवतो. धाकट्याची शिकवणी त्यांनीं बंद केली. तो आतां संध्याकाळीं माझ्याकडे गणित शिकावयास येतो, जशी बहीण येत असे.

गेल्या महिन्यांत तिचें पत्र आलें. प्रबंधासाठीं तिनें विषय मागितला आहे तो मुलांच्या डोक्याच्या सी.टी.मध्यें मात्रा किती कमी करतां येते, ह्याचा. मंजुरी अजून यावयाची आहे. रात्रपाळीनें पाय सुजतात, जेवणांत रोज भात असतो, भाकरीची आठवण येते, असेंहि लिहिलें आहे. पत्राच्या शेवटीं ती लिहिते, कीं शरीराच्या जाडीबरोबर किरण कसे क्षीण होत जातात ह्याचें गणित चालू आहे, त्यांत घातांक आणि लॉगरिथम पुन्हां पुन्हां येतात, आणि तिची अकरावीची वही घर बदलतांना हरवली. तर माझी जुनी वही पाठवितां येईल काय? ती वही शाळेच्या कपाटांत होती. कव्हर फाटलें होतें, तें मीं खाकी कागदानें नीट बांधलें, आणि मंगळवारीं मधल्या सुटींत पोस्टांत जाऊन ती रजिस्टरनें पाठविली.